विद्यापीठात नवं नेटवर्क येतंय? मग ही तयारी आधी करा

ज्यांच्या विद्यापीठात जुनं वायफाय काढून नवं नेटवर्क बसवायचं चाललंय त्या संगणक केंद्रातल्या लोकांसाठी लिहितेय. केबल, स्विच, रॅक, यूपीएस, ॲक्सेस पॉइंट हे व्हेंडर बघतो, त्यावर मी काही लिहीत नाही. माणसांची तयारी मात्र कुणाच्याच कामात धरलेली नसते आणि गाडी अडते ती तिथेच.

सगळ्यात आधी याद्या. नव्या नेटवर्कवर सगळ्यांना मिळून एक पासवर्ड नसतो, प्रत्येकाला स्वतःचा आयडी लागतो. आस्थापना विभाग कायम कर्मचाऱ्यांची यादी देतो, परीक्षा विभाग पीआरएनसकट (विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक) विद्यार्थ्यांची देतो, दोन्ही फाइली सर्व्हरवर चढल्या की वाटतं झालं काम. नाही झालं. तासिका तत्त्वावरचे, म्हणजे सीएचबीवरचे, शिक्षक या दोन्हीत नसतात. आमच्याकडे मागच्या वेळी नेमकं हेच राहिलं होतं. सोमवारी सकाळी जुनं वायफाय बंद केलं, कायम प्राध्यापकांचं सगळं सुरळीत, आणि एक सीएचबीवरच्या मॅडम वर्गात प्रोजेक्टर लावून उभ्या, आयडीच नाही. स्वतःच्या मोबाईलचा हॉटस्पॉट लावून त्यांनी तास घेतला, आणि पुढे कितीतरी दिवस तसाच घेत राहिल्या. तासावर मानधन, तेही हातात पडायला महिने लागतात, आणि त्यातून वर्गाच्या नेटचा खर्चसुद्धा त्यांनीच करायचा. हे कुठेही होऊ नये.

म्हणून तिसरी यादी करा. कुठल्याच रजिस्टरमध्ये नाव नाही पण रोज कॅम्पसवर येतात अशा सगळ्यांची: तासिका तत्त्वावरचे, एजन्सीकडून आलेले क्लार्क आणि डेटा एंट्रीवाले, प्रोजेक्टवरचे संशोधन सहाय्यक, फी भरलीय पण पीआरएन पडलेला नाही अशी पहिल्या वर्षाची मुलं, थिसिस जमा केलाय पण व्हायवा बाकी आहे असे पीएचडीवाले. परिपत्रक काढून ही यादी येत नाही, त्याला उत्तर येतं 'निरंक'. प्रत्येक विभागात जाऊन तिथल्या क्लार्कसमोर बसा आणि विचारा की या महिन्यात इथे कोण कोण येतं, टाइमटेबल पुढ्यात ठेवून एकेक नाव लिहून घ्या. आयडीची मुदत सत्र संपेल त्या दिवसाची ठेवू नका, पेपर तपासणी आणि मार्क भरणं त्यानंतरच असतं, निदान दोन महिने पुढची ठेवा.

यादीतला मोबाईल नंबर तपासा. पासवर्ड विसरला की ओटीपी त्याच नंबरवर जातो, आणि बऱ्याच मुलांचा ॲडमिशन फॉर्म नेट कॅफेत भरलेला असतो, तिथे नंबर कॅफेवाल्याचा नाहीतर वडिलांचा. वडील गावाला शेतात, ओटीपीची मुदत दहा मिनिटं. नवं नेटवर्क सुरू व्हायच्या आधी हॉल तिकीट किंवा आयकार्ड देताना नंबर दुरुस्त करून घ्या, नंतर खिडकीवर रांग लागते.

आता फोनमधलं सेटिंग. एज्युरोम, म्हणजे एकाच आयडीवर दुसऱ्या विद्यापीठांतही चालणारं वायफाय, घेत असाल, भारतात ते अर्नेट इंडिया ही संस्था बघते, तर पहिल्या दिवसापासून सगळ्यांना आयडी पूर्ण टाकायला लावा, ॲटच्या चिन्हानंतरच्या विद्यापीठाच्या नावासकट. नुसता आधीचा भाग टाकून आपल्या कॅम्पसवर कधी कधी चालून जातं, मग तोच माणूस कॉन्फरन्सला दुसऱ्या विद्यापीठात जातो आणि तिथे कनेक्ट होत नाही, कारण त्याचा आयडी तपासायला कुणाकडे पाठवायचा हे तिथल्या सर्व्हरला त्या शेवटच्या भागावरूनच कळतं. दुसरं म्हणजे सर्टिफिकेट, समोरचा सर्व्हर खरंच आपल्या विद्यापीठाचा आहे याचा फोनला मिळणारा पुरावा. बरेच जण सांगतात की तिथे 'तपासू नका' निवडा आणि पुढे जा. असं कुणालाही शिकवू नका. अँड्रॉइड ११ नंतरच्या बऱ्याच फोनमध्ये तो पर्याय दिसतच नाही, आणि जिथे दिसतो तिथे धोका आहे, कारण आपल्याच नावाचं खोटं वायफाय कुणी लावलं तर फोन बेधडक त्याच्याशी बोलायला लागतो आणि पासवर्ड त्याच्या हाती लागू शकतो. तोच पासवर्ड ईमेलचा, पगाराच्या स्लिपचा, मार्क भरायच्या पोर्टलचा. एज्युरोमचं सेटिंग आपोआप करणारं ॲप आहे ते वापरा, ते सर्टिफिकेट आणि डोमेन दोन्ही नीट भरतं. ॲप उतरवायलाच इंटरनेट लागतं, तेव्हा सेटिंगपुरतं एक उघडं नेटवर्क आधी तयार ठेवा.

शिपाईमामा, सफाईवाल्या मावशी फोन सरळ तुमच्या हातात देतील, पासवर्डही तोंडी सांगतील. फोन हातात घेऊन भराभर करून देऊ नका. शेजारी बसा, त्यांना टाकू द्या, वेळ लागला तर लागू द्या. पुढच्या वेळी त्यांना कुणापुढे फोन धरायला लागू नये एवढ्यासाठी हा खटाटोप आहे. माहितीपत्रक मराठीत काढा, अँड्रॉइडचं वेगळं, आयफोनचं वेगळं, स्क्रीनचे फोटो घालून. नुसता पीडीएफ ग्रुपवर टाकला की काम झालं असं होत नाही. अंध विद्यार्थी टॉकबॅकवर (फोनचा पडदा वाचून दाखवणारी सोय) लॉगिन करू शकतात का ते त्यांच्यासोबत बसून बघा, कॅप्चा असेल तर काढा.

ग्रंथालय. इथे फार लोक फसतात. कॅम्पसमधून जर्नल उघडतं ते प्रकाशक आपला बाहेरचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर आपलं विद्यापीठ ज्या आकड्याने दिसतं तो, ओळखतो म्हणून. नव्या नेटवर्कबरोबर इंटरनेटची लाइन किंवा फायरवॉल बदलली की तो पत्ता बदलतो, सगळ्यांचं यूट्यूब, ईमेल व्यवस्थित चालतं आणि जर्नल मात्र पैसे मागायला लागतं. १ जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन या केंद्र सरकारच्या योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार जर्नल्स सरकारी संस्थांना मिळतायत, ती हातची जाऊन पीएचडीवाले खोळंबले तर काय उपयोग. नवे पत्ते निदान महिनाभर आधी ग्रंथपालांना लेखी द्या, पुढे ते कळवतात, आणि ते काम एका दिवसात होत नाही. जुने पत्ते लगेच काढायला सांगू नका, दोन्ही चालू ठेवा.

आणि हो, तिसरी यादी झाली का? विभागप्रमुख 'आमच्याकडे सगळे कायमच आहेत' म्हणाले तरी टाइमटेबल बघा.

गर्दीचा हिशोब करा. जोडलेल्या प्रत्येक फोन-लॅपटॉपला नेटवर्कवर एक पत्ता लागतो, नेटवर्कच्या एका साध्या तुकड्यात (सबनेटमध्ये) असे २५४ पत्ते मावतात, मोठ्या सभागृहात ३०० मुलं बसली आणि निम्म्यांकडे लॅपटॉपही असला की पत्ते संपले, मग 'कनेक्टेड, पण इंटरनेट नाही' असं दिसतं आणि लोक म्हणतात नवं नेटवर्क भिकार आहे. विंडोज सर्व्हरवरून पत्ते वाटत असाल तर एकदा दिलेला पत्ता मुळात ८ दिवस अडकून राहतो, वायफायसाठी ते काही तासांवर आणा. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळा मॅक पत्ता (उपकरणाचा ओळख क्रमांक) दाखवतात, त्यामुळे मॅक नोंदवून परवानगी द्यायची जुनी पद्धत सोडा, मुलांना रोज ऑफिसला खेपा घालायला लावू नका.

प्रिंटर, हजेरीचं थंब मशीन, सीसीटीव्ही यांना आयडी-पासवर्डचं लॉगिन बहुधा जमत नाही, त्यांचं नेटवर्क वेगळं. काही थंब मशीन वायफायच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झ बँडवरच चालतात. प्रत्येक प्रिंटरचा पत्ता आत्ताच लिहून, मशीनवर चिकटवून ठेवा. परीक्षा विभागाचा प्रिंटर सगळ्यात आधी, तिथे प्रश्नपत्रिका ऑनलाइन येऊन तासाभरात छापायची असते, तिथे चूक परवडत नाही.

तारीख. परीक्षा आणि ॲडमिशनच्या काळात अजिबात नको. दिवाळीच्या सुट्टीत करू, कॅम्पस रिकामा असतो असं सगळे म्हणतात. केबल ओढायला ठीक आहे, पण बटण सुट्टीत दाबू नका, रिकाम्या कॅम्पसवर काही कळत नाही आणि उघडायच्या दिवशी हजारो फोन एकदम येऊन आदळतात. कॉलेज उघडून आठवडा झाला की एक विभाग, मग दुसरा, वसतिगृह शेवटी. वसतिगृहाचं रात्री बघा, दुपारी तिथे कुणी नसतं. पासवर्ड बदलला की जुन्या फोनमधलं, घरच्या टॅबमधलं नेटवर्क विसरायला लावा, नाहीतर तो जुना पासवर्ड मारत राहतो आणि आयडी लॉक होतो.

मदतीचं टेबल कँटीनपाशी लावा, संगणक केंद्रात नको, तिथवर कुणी येत नाही. दोन-तीन विद्यार्थी बसवा, त्यांना मानधन द्या. टेबलावर ज्याचा आयडी सापडत नाही त्याला 'आस्थापनाकडे जा' म्हणून पिटाळू नका. तो माणूस तिसऱ्या यादीतला आहे. तिथल्या तिथे नाव लिहा, सात दिवसांचा तात्पुरता आयडी द्या, विभागाकडून खात्री आपण करून घेऊ.

बाकी पाहुण्यांचे आयडी, बदली झालेले, निवृत्त, हे पहिल्या महिन्यात उरकून टाका. जुनं नेटवर्क महिनाभर सोबत चालू ठेवा, त्यावर अजून कोण आहे ते आठवड्याला बघा, त्यांना फोन करा. त्यातले निम्मे पुन्हा तासिका तत्त्वावरचेच निघतील. परीक्षा विभाग आणि ग्रंथालय दोघांकडून लेखी आलं की मगच बंद करा. जुन्या वायफायचा पासवर्ड लिहिलेले भिंतीवरचे कागद काढून टाका, नाहीतर जूनमध्ये नवी बॅच तोच टाकत बसेल.