लिटर, किलो, चमचा: घरी माप घेताना या चुका टाळा

सगळ्यात मोठा घोळ म्हणजे लिटर आणि किलो एकच धरणं. पाण्याचं चालून जातं, लिटरभर पाणी जवळपास किलोच भरतं, पण एक लिटर तेल काट्यावर साधारण 910 ग्रॅमच भरतं, म्हणून लगेच दुकानदाराशी भांडायला जाऊ नका, त्याने माप मारलेलं नाहीये, तेल हलकंच असतं. मधाचं उलटं, लिटरभर मध 1400 ग्रॅमच्या आसपास. खरा फटका बसतो तो मोठ्या डब्यात. 15 किलोचा डबा आणि 15 लिटरचा डबा शेजारी ठेवले तर दिसायला सारखेच वाटतात, पण लिटरवाल्यात तेल साडेतेरा किलोच्या थोडंसंच वर असतं, म्हणजे सव्वा किलोहून जास्त कमी!! स्वस्त म्हणून उचलायच्या आधी डब्यावर काय लिहिलंय ते वाचा.

लहान मुलांचं औषध घरातल्या चमच्याने देऊ नका प्लीज. टीस्पून म्हणजे 5 मिली, टेबलस्पून 15 मिली, आणि आपल्या ड्रॉवरमधले चमचे यातल्या कशालाच बांधील नसतात. बाटलीबरोबर आलेलं झाकण किंवा ड्रॉपरच वापरा, आणि तेही त्याच बाटलीचं, कारण तापाचे ड्रॉप्स बहुतेक वेळा सिरपपेक्षा बरेच स्ट्राँग असतात, एकाचा डोस दुसऱ्याला लावला की गडबड.

रेसिपीतला कप कुठे 240 मिली असतो कुठे 250, तेवढ्याने काही बिघडत नाही, पण राइस कुकरसोबत येणारा कप साधारण 180 मिलीचा असतो, तो केकला वापरलात तर मग केकला नावं ठेवू नका. मापाचा जग हातात धरून वरून बघायचा नाही, ओट्यावर ठेवा, डोळे पातळीला आणा आणि पाण्याचा मधला खोलगट भाग कुठल्या रेघेवर आहे ते वाचा. फेसाळ दूध असेल तर फेस बसू दे आधी.

पातेलं किती लिटरचं हेच माहीत नसेल तर किचनचा काटा काढा, रिकामं पातेलं ठेवून शून्य करा, पाणी भरा, जितके ग्रॅम तितके मिली. कुकरवर 5 लिटर लिहिलेलं असतं ते काठोकाठचं माप, डाळ शिजवायला निम्माच भरायचा असतो.

आणि गोल टाकीचा हिशोब करताना फॉर्म्युल्यात व्यास नाही, त्याचा अर्धा घालायचा. 100 सेमी व्यास आणि 120 सेमी उंची असेल तर 3.14 × 50 × 50 × 120, भागिले 1000, म्हणजे 942 लिटर. 50 च्या जागी 100 घातलेत तर उत्तर चौपट येतं. उंचीसुद्धा झाकणापर्यंतची नाही, ओव्हरफ्लोच्या पाइपापर्यंतचीच धरा, त्याच्यावर पाणी थांबतच नाही.