पेठेचा नकाशा स्वतः भरताना

2004 साली सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशात खाते उघडून कोणालाही भर घालता येते. पुण्याच्या कसबा किंवा सदाशिव पेठेत राहत असाल, तर प्रथम संगणकावर आपली गल्ली मोठी करून पाहावी आणि बोळ, पार, तालीम, हौद यांपैकी काय नोंदलेले नाही ते कागदावर टिपावे. मग पायीच फिरावे. कात्रजहून पेशवेकाळी आणलेल्या पाण्याचे काही हौद वाड्यांच्या आत असल्याने उपग्रहचित्रात दिसत नाहीत, ते जुन्या रहिवाशांना विचारूनच सापडतात. (घरमालकाच्या संमतीवाचून अशी जागा नोंदवू नये.) गूगलच्या नकाशावरून नावे उतरवण्यास मनाई आहे, म्हणून पाटी स्वतः वाचावी आणि नाव देवनागरीतच भरावे.