गल्फचा पैसा आपल्या दुकानात: परवाना कोणाचा, हमी कोणाला

मुंबईच्या चाकरमान्याची मनिऑर्डर पोस्टमनच्या हातून घेण्याची सवय कोकणाला फार जुनी आहे; आता खेड, दापोली, मंडणगड, श्रीवर्धन या भागांतल्या अनेक घरांत पैसा गल्फमधून येतो. साहजिकच मोबाइलचे किंवा तिकिटांचे दुकान चालवणाऱ्याला आपल्याच काउंटरवरून ही रक्कम द्यावी असे वाटते. त्याने अर्ज करण्यापूर्वी दोन प्रश्न वेगवेगळे करून पाहावेत. परवाना कोणाच्या नावावर असतो, आणि मधल्या कोणी पैसे थकवले तर हमी कोणाच्या कामी येते?

पहिल्याचे उत्तर सोपे आहे. १९९९ च्या फेमा (परकीय चलन व्यवस्थापन) कायद्याच्या कलम १० नुसार परकीय चलनाच्या व्यवहाराला रिझर्व्ह बँकेची मान्यता लागते. परदेशातून घरी येणाऱ्या रकमांसाठी रिझर्व्ह बँकेची ‘मनी ट्रान्सफर सर्व्हिस स्कीम’ आहे. तिच्यात पैसे पाठवणारी परदेशी कंपनी, तिचा भारतातील मुख्य एजंट आणि त्याने नेमलेला सब-एजंट अशी साखळी असते. मुख्य एजंटाचा स्वतःचा निव्वळ निधी किमान ५० लाख रुपये असावा लागतो, आणि तो बँक, मनी चेंजर किंवा टपाल खाते अशा मान्यताप्राप्त वर्गातला असावा लागतो. बाजारपेठेतल्या दुकानदाराला स्वतंत्र परवान्याची गरज नाही. त्याने सब-एजंट व्हावे, हाच शहाणपणाचा मार्ग.

सब-एजंटाची छाननी मुख्य एजंट करतो. चालू व्यवसायाचा पुरावा, दुकानाची नोंद, पॅन कार्ड, छायाचित्रे, स्थानिक पोलिसांचा वर्तणूक दाखला आणि पूर्वीच्या फौजदारी प्रकरणांविषयीचे घोषणापत्र हे कागद तयार ठेवावेत. मोजकेच कामगार असलेल्या लहान दुकानाला राज्याच्या २०१७ च्या दुकाने कायद्यानुसार केवळ ऑनलाइन सूचना द्यावी लागते. मुख्य एजंटाचा माणूस जुन्या सवयीने ‘गुमास्ता’ म्हणजे दुकानाचा परवाना मागत असेल, तर त्याला त्या सूचनेची पावती दाखवावी. खरी अडचण जागेची येते. दुकान ज्या घराच्या पडवीत आहे त्या घराचा नमुना ८ चा उतारा अजून आजोबांच्या नावावर असतो आणि हिस्सेदार बोरिवली, डोंबिवलीत विखुरलेले असतात. जागेची प्रत्यक्ष पडताळणी होणार असल्याने हिस्सेदारांचे संमतीपत्र आधीच करून घ्यावे; सगळे गणपतीला गावी येतात तेव्हाच सह्या घेतल्या, तर वर्षभराच्या खेपा वाचतात.

आता हमी. आपल्या १८७२ च्या करार कायद्यात हमीच्या करारात तीन पक्ष असतात: मुख्य देणेकरी, हमीदार आणि घेणेकरी. देणेकऱ्याने पैसे न दिल्यास हमीदार देतो, पण कलम १४५ नुसार दिलेली रक्कम देणेकऱ्याकडून वसूल करण्याचा हक्क त्याला असतो. म्हणजे हमी ही देणेकऱ्याची विमा पॉलिसी नव्हे, ती घेणेकऱ्याची सोय आहे. अमेरिकेत पैसे पाठवण्याचा धंदा करणाऱ्याला बहुतेक राज्यांत परवान्यासाठी जो शुअरिटी बॉण्ड, म्हणजे शुअरिटी (हमीदार) कंपनीचा हमीरोखा, द्यावा लागतो, त्याचा गाभाही हाच. रक्कम प्रत्येक राज्याचा कायदा ठरवतो, आणि धंदेवाला केवळ वार्षिक हप्ता भरतो. बॉण्डमधून पैसे दिले गेले, तर शुअरिटी कंपनी ते त्याच्याकडून परत मागते. न्यू जर्सीतला भाचा अशी कंपनी काढतो म्हणाला, तर त्याला सांगावे की राज्याच्या परवान्याखेरीज ‘फिनसेन’ या संघीय अर्थखात्याच्या यंत्रणेकडे १८० दिवसांत नोंदणी आणि दर दोन वर्षांनी नूतनीकरण लागते, आणि विनापरवाना धंदा हा पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा संघीय गुन्हा आहे.

भारतीय योजनेत बॉण्डची जागा तारण घेते. परदेशी कंपनीने मुख्य एजंटाच्या नावे भारतातील बँकेत तीन दिवसांच्या सरासरी उचलीइतके (उचल म्हणजे इथे वाटली जाणारी रक्कम) किंवा ५०,००० डॉलर, यांपैकी जे अधिक असेल तितके तारण ठेवायचे असते. समजा दिवसाची सरासरी उचल ४०,००० डॉलर आहे. तर तारण १,२०,००० डॉलरचे होईल. त्यातील ५०,००० डॉलर परकीय चलनाच्या ठेवीत हवेत, उरलेल्या ७०,००० डॉलरसाठी बँक गॅरंटी चालते. मात्र हे तारण मुख्य एजंटाच्या नावे असते, आपल्या नावे नव्हे! आपण गल्ल्यातून रोख दिली आणि मुख्य एजंटाने ती भरून दिली नाही, तर त्या तारणावर आपला थेट हक्क नाही. म्हणून करारावर सही करताना दिलेली रक्कम किती दिवसांत खात्यावर जमा होईल, उशीर झाल्यास काय, आणि आपल्याकडून घेतलेली अनामत कोणत्या कारणाने कापली जाईल, ही तीन कलमे वकिलाकडून वाचून घ्यावीत. कमिशनचा दर त्यानंतर पाहावा.

काउंटरवरचे नियम थोडे पण कडक आहेत. एका वेळी २,५०० डॉलरपर्यंतच रक्कम येऊ शकते आणि एका व्यक्तीला वर्षात ३० वेळाच. रोख ५०,००० रुपयांपर्यंतच द्यावी, त्यापुढील रक्कम खात्यात किंवा खातेदेय धनादेशाने. ही योजना घरखर्चाच्या वैयक्तिक रकमेसाठी आहे; जमीन घेण्यासाठी, व्यापारासाठी किंवा देणगी म्हणून आलेली रक्कम येथे स्वीकारू नये, मग समोरचा कितीही ओळखीचा असो. नावाच्या स्पेलिंगकडे बारीक लक्ष द्यावे. पाठवणाऱ्याने ‘इब्राहिम’चा हि आय लावून लिहिलेला असतो, आधार कार्डावर तो डबल ई लावून असतो. अशा वेळी ओळखीवर पैसे देऊ नयेत. पाठवणाऱ्याला फोन लावून नाव तिकडूनच दुरुस्त करून घ्यावे आणि दुरुस्त झालेली पावती दिसल्यावरच गल्ला उघडावा.