टीकिंटर: खिडकी मोठी केली तरी टेबल कोपऱ्यातच

कोल्हापूरच्या मार्केट यार्डातल्या एका गूळ अडत्याचा प्रोग्रॅम, पायथनच्या टीकिंटर या खिडक्या बनवायच्या लायब्ररीत लिहिलेला. खिडकी मॅक्सिमाइज केली की ढेपांच्या नोंदींचं टेबल वर डावीकडे चिकटलेलं, बाकी सगळं करडं. कोपरा ओढला की स्क्रीन लुकलुकायचा.

फॉन्ट बदलला, रुंदी हातानं मोजून दिली. दोन रात्री डोस्कं फिरलं.

आधी मुख्य खिडकीच्या ० क्रमांकाच्या ओळीला आणि स्तंभाला वेट (वाढलेल्या जागेतला वाटा) १ दिलं. मुळात ते ० असतं. मग टेबल जिच्यात आहे त्या आतल्या फ्रेमलाही (चौकटीलाही) तेच (हीच विसरलेलो). मग फ्रेम आणि टेबल, दोन्हींना स्टिकी (कुठल्या कडांना चिकटायचं ते) चारी दिशांना.

लुकलुकीचं कारण वेगळं. मुख्य खिडकीला बांधलेला कॉन्फिगर इव्हेंट (आकार बदलला की येणारी सूचना) आतल्या प्रत्येक विजेटसाठीही (फ्रेम, टेबल अशा घटकासाठीही) येतो. त्यामुळे इव्हेंटचं विजेट मुख्य खिडकी नसेल तर तिथूनच रिटर्न. असेल तर आधीचा आफ्टर (काम थोड्या वेळानं चालवणारा टायमर) रद्द करून १५० मिलिसेकंदांचा नवा लावला.