तपासणीच्या आदल्या रात्री लॅपटॉप उघडताय? या चुका टाळा

मी आमच्या शाळेतला तंत्रस्नेही शिक्षक. म्हणजे प्रिंटर अडकला की मला हाक, ओटीपी आला नाही की मला हाक, आणि स्क्वाफचं, म्हणजे शाळेची गुणवत्ता तपासायच्या सरकारी आराखड्याचं, स्वयंमूल्यमापन भरायचं म्हटलं की "सर, तुम्हीच बघा ना". त्याआधीच्या शाळासिद्धी तपासणीत ४६ मानकं होती, स्क्वाफमध्ये १२८ झाली आणि पुरावे काही कमी मागत नाहीत. हे पुरावे रोजच्या कामातून जमत गेले तर ठीक, नाहीतर शेवटच्या आठवड्यात फोटो काढायची जत्रा भरते. आमच्याकडं भरली होती, म्हणून सांगतोय.

पहिला घोळ लिंकांचा. सगळं गुगल ड्राइव्हवर टाकलं, लिंका चिकटवल्या, रात्री दोनला झोपलो, आणि सकाळी केंद्रप्रमुख साहेबांनी त्यांच्या मोबाईलवर पहिलीच लिंक उघडली तर परवानगी मागा म्हणून आलं. दुसरी उघडली, तेच. माझ्या लॅपटॉपवर मात्र सगळं मस्त उघडत होतं, कारण लॉगिन माझंच ना! तर शेअरिंगमध्ये जाऊन लिंक असलेल्या कुणालाही दिसेल असं करा, पण फक्त बघण्यापुरतं, एडिटर नको, आणि मग शेजारच्या वर्गातल्या बाईंच्या फोनवर एकदा उघडून बघा. मुलांचे आधार, जातीचे दाखले असलं काही त्या उघड्या फोल्डरात अजिबात टाकू नका. आणि फुकटचं ड्राइव्ह १५ जीबीच असतं, जीमेल धरून. रोजच्या परिपाठाचे व्हिडिओ चढवत बसलात तर ऐन वेळी फुल्ल.

ओटीपीचं तर विचारूच नका. लॉगिन मुख्याध्यापकांच्या खासगी नंबरला जोडलेलं, त्यांची झाली बदली, आता ते तिकडं वर्गावर आणि आम्ही इकडं "सर, आला का हो ओटीपी?" शाळेचं वेगळं सिम आणि शाळेचा ईमेल ठेवा, चार्ज देताघेताना कपाटाच्या किल्ल्यांबरोबर हेही यादीत येऊ द्या.

मग एक्सेल. आधार नंबर १२ आकडी, साध्या सेलमध्ये टाकला की एक्सेल त्याचं २.३४५६७ई+११ असलं काहीतरी करून टाकतं, आणि तशीच फाईल सीएसव्हीत (नुसत्या मजकुराच्या फाईलीत) सेव्ह केली की मागचे आकडे गेलेच, परत येत नाहीत. नंबर टाकायच्या आधी अख्खा कॉलम टेक्स्ट करायचा. जन्मतारखेचंही तेच, ०६/०७/२०१८ म्हणजे ६ जुलै की ७ जून हे लॅपटॉपची सेटिंग ठरवते, म्हणून रीजन इंडिया आहे का ते आधी बघा. आधारवरचं नाव जुळत नाही म्हणून जनरल रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या प्रवेश नोंदवहीत, खाडाखोड करणारेही पाहिलेत मी. नका करू, रजिस्टरमधली दुरुस्ती रीतसर परवानगीनंच होते, आणि आधारवर चूक असेल तर ती पालकांकडून आधार केंद्रावर दुरुस्त करून आणा. दुसऱ्या शाळेतून आलेल्या पोराची युडायस प्लसवर (शाळा आणि मुलांच्या नोंदींचं सरकारी पोर्टल) नवीन एन्ट्रीपण करू नका, जुन्या शाळेला त्याचं नाव पोर्टलवरच्या ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्यांच्या यादीत, टाकायला सांगा आणि त्याच्या पेन नंबरवरून (मुलाचा कायमचा शैक्षणिक नंबर) ओढून घ्या. नाहीतर एकच पोरगं दोन शाळांच्या पटावर.

पण हे सगळं निस्तरता येतं. खरं दुखणं वाचनाच्या शीटचं. प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असे पाच स्तर, आणि आम्ही चौथीच्या १९ पैकी १७ पोरांपुढं सरळ "गोष्ट" टाकून मोकळे, शीट हिरवीगार. विस्तार अधिकारी मॅडमनी त्यातल्याच एकाला उभं केलं, हातात तिसरीचं पुस्तक दिलं. पोरगं "उत्साह"ला "उसाह" म्हणालं, मग "स्वच्छ"पाशी थांबलं ते थांबलंच. मॅडम काही बोलल्या नाहीत, नुसतं लॅपटॉपकडं बघितलं.

त्यानंतर शीट नव्यानं केली. नाव, तारीख, स्तर आणि नेमकं कुठं अडलं, बस. दोन महिने स्तर हलला नाही की ओळ केशरी होते, कंडिशनल फॉरमॅटिंगचं (अट लावून रंग बदलायची एक्सेलमधली सोय) साधं काम आहे, यासाठी विकतचं ॲप लागत नाही. फेब्रुवारीत सहा ओळी केशरी झाल्या, त्यातले पाच जण जोडाक्षरात अडकलेले, मग त्या पाचांना रोज मधल्या सुट्टीनंतर अर्धा तास वेगळं बसवलं. आधी आम्ही अख्ख्या वर्गाला तेच ते गिरवायला लावत होतो, ज्यांना येतं ते कंटाळायचे आणि ज्यांना येत नाही त्यांना तरी कुठं काय व्हायचं.

पुढच्या भेटीला मॅडमनी फोटोंचं फोल्डर उघडलंच नाही, हीच शीट मागितली आणि विचारलं, "पाच कळले, हा सहावा का?" तो आईबापाबरोबर ऊसतोडीला गेला होता, आत्ता कुठं परतलेला. हजेरीची शीट शेजारच्याच टॅबमध्ये होती, उघडून दाखवली.