ग्रहणाला निघण्याआधी

२ ऑगस्ट २०२७, सोमवार, आषाढ अमावस्या: खग्रास सूर्यग्रहण. कॅलेंडरवर आत्ताच खूण करा आणि त्या दिवशी आपण पृथ्वीवर नक्की कुठे असणार ते ठरवून टाका. बॅग, चष्मे, कॅमेरा हे सगळं त्यानंतरचं. ‘भारतातून दिसणार’ एवढ्यावर आमच्या सोसायटीत मंडळी खूश आहेत. पण पुण्यात दिसेल ते खंडग्रास, तेही दुपार कलल्यावर, आणि ऑगस्टमधलं पुण्याचं आभाळ कसं असतं ते पुणेकरांना मी सांगायला नको. खग्रासचा पट्टा जेमतेम अडीचशे किलोमीटर रुंद. अटलांटिकमध्ये सुरू होऊन दक्षिण स्पेन, मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, लिबिया, इजिप्त, मग तांबडा समुद्र ओलांडून जेद्दा आणि मक्का, येमेन, सोमालियाचं टोक, आणि शेवट हिंदी महासागरात. पट्ट्याच्या दहा किलोमीटर बाहेर राहिलात तरी सूर्याची एक कड उघडी राहते, आणि तेवढी कड करोना, म्हणजे सूर्याभोवतीचं फिकट तेजोवलय, बुडवायला पुरते.

हे इतक्या पोटतिडकीने सांगतोय, कारण २२ जुलै २००९ ला आम्ही सहाजण रात्रभर गाडी हाकत सुरतेला गेलो होतो. पट्टा बरोबर, वेळ बरोबर आणि वर ढग. सकाळी सव्वासहानंतर तीनेक मिनिटं अंधारून आलं, कावळे गप्प झाले, आणि सूर्य कुठल्या बाजूला आहे हेही कुणाला कळलं नाही. २०२७ चं ग्रहण त्याच घराण्यातलं आहे. १८ वर्षं, ११ दिवस आणि सुमारे ८ तासांनी सूर्य, चंद्र, पृथ्वी जवळजवळ तशाच मांडणीत परत येतात. याला सॅरोस म्हणतात. मेख त्या वरच्या आठ तासांत. तेवढ्यात पृथ्वी एक तृतीयांश फिरलेली असते, म्हणून पट्टा तितकाच पश्चिमेला सरकतो. तेव्हा भर दुपारचं खग्रास पॅसिफिकच्या पाण्यावर पडलं होतं, आता ते इजिप्तच्या वाट्याला आलंय. आमची उधारी आम्ही लक्झरला वसूल करणार.

लक्झरला खग्रास सहा मिनिटं वीस सेकंदांच्या आसपास, आणि ऑगस्टमध्ये ढग जवळपास नसतातच. मात्र सूर्य अगदी डोक्यावर असेल. उभ्याने बघत राहिलात तर मान जाईल, तेव्हा गुंडाळता येणारी चटई आधी भरा. ऊन चाळीस अंशांचं. छत्री, टोपी, ओआरएसची पाकिटं हवीतच. पासपोर्टची मुदत परतीनंतरही सहा महिने उरते का बघा. हॉटेलचं काम लांबणीवर टाकू नका, जगभरची ग्रहणवेडी मंडळी तिथेच येणार आहेत.

चष्मे आयएसओ १२३१२-२ प्रमाणित घ्या. घालून घरातला दिवा पाहा. ट्यूबलाइट लख्ख दिसत असेल तर तो चष्मा केराच्या डब्यात. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, गॉगल यांतलं काहीही नको. पंचांगातले शब्द इथे फार कामाचे आहेत: स्पर्श, संमीलन, मध्य, उन्मीलन, मोक्ष. संमीलन म्हणजे सूर्य पुरता झाकला जातो तो क्षण, उन्मीलन म्हणजे तो पुन्हा उघडू लागतो तो. चष्मा काढायचा तो फक्त संमीलन ते उन्मीलन, आणि तोही फक्त पट्ट्यात असाल तर. पुण्यात संमीलन होणारच नाही, म्हणून इथे चष्मा शेवटपर्यंत डोळ्यांवर.

घरीच थांबणाऱ्यांनी पिठाची चाळणी काढून ठेवावी. ऊन पडलंच तर तिच्या सावलीत जमिनीवर शेकडो अर्धवट सूर्य दिसतील, झाडाखालीही तेच. पण मी पुण्यात असतो तर सकाळीच पूर्वेकडे निघालो असतो. सह्याद्रीपासून जितकं लांब, तितका पाऊस कमी. इंदापूर, जेऊरकडे आभाळ फाटण्याची आशा जास्त. जेऊरला तर ग्रहणाचा इतिहासच आहे. २२ जानेवारी १८९८ चं खग्रास टिपायला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला दुर्बिणी घेऊन तिथेच उतरले होते. त्यांना जानेवारी मिळाला होता, हे खरं.

आणि हो, ही दिव्यांची अवस. घरातले दिवे आदल्या दिवशीच घासून ठेवा, आणि संध्याकाळी परतायला उशीर होईल हे घरी सांगूनच निघा.