डीएसएलआर विकण्याआधी बॅग उघडा

नवी मिररलेस बॉडी (डीएसएलआरसारखा आत आरसा नसलेला कॅमेरा) बघायला दुकानात जाण्याआधी घरची बॅग उघडा. निर्णय लेन्सवर ठरतो. मी निकॉन डी ७५० या डीएसएलआरवर लग्नं शूट करतो. माझी जुनी ५० एमएम १.८ डी लेन्स बॉडीतल्या मोटरवर फोकस करते. जुन्या लेन्स निकॉनच्या झेड मिररलेसवर बसवणाऱ्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये ती मोटरच नाही, म्हणजे झेड बॉडीवर रिंग हाताने फिरवायची. मंगलाष्टकं चालू असताना? शक्यच नाही! मोटर लेन्समध्येच असलेल्या एएफ-एस लेन्सना ही अडचण नाही. कॅननच्या डीएसएलआरच्या ईएफ लेन्सही त्यांच्या मिररलेस आर बॉडीवर अडॅप्टरने छान चालतात.

मग बॅटरी. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे डी ७५० एका चार्जवर १२३० फोटो देतो, झेड ५ व्ह्यूफाइंडरवर साधारण ३९०. जादा बॅटऱ्यांचे पैसे आधीच धरा.

आता गेल्या वर्षीचे फसलेले फोटो काढा. हलते चेहरे आउट ऑफ फोकस असतील, तर मिररलेसचा आय एएफ (डोळ्यांवर आपोआप होणारा फोकस) खरंच कामाचा. सायलेंट शटरला मात्र भुलू नका. हॉलच्या एलईडीखाली पुष्कळ बॉड्यांवर त्याने फोटोत पट्टे येतात.

तरी मन होत असेल तर एका कार्यक्रमापुरती बॉडी भाड्याने आणा, स्वतःच्याच लेन्स लावून. ट्रायपॉडवर डोंगर-धबधबे टिपणाऱ्यांना तर काहीच घाई नाही. त्या पैशांत वापरलेली चांगली वाइड लेन्स घ्या.